हिरोन्डेलिया गिगास: कोळंबी नाही, मग कोण?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी विद्यार्थिनी पुण्यात एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी तिने प्रशांत महासागरातल्या मारियाना विवराच्या तळाशी राहणारा हिरोन्डेलिया गिगास हा कवचधारी प्राणी निवडला आहे. मोठ्यातला मोठा चार-पाच सेंटीमीटर भरेल एवढाच. बातम्यांत त्याला ‘खोल समुद्रातली कोळंबी’ म्हटलंय. एका पुस्तकात तो गॅमॅरिडिया या उपगणात आहे, दुसरीकडे ॲम्फिलोकिडियात. कुल कुठे लायसियानासिडी, तर कुठे हिरोन्डेलिइडी. यातलं काय धरायचं, त्याची शरीररचना कुठून समजून घ्यायची, आणि पुण्यात बसून, नमुना हातात न घेता हे जमेल का, असं तिला विचारायचं आहे.

पहिलं, ती कोळंबी नाही. कोळंबी, शेवंड, खेकडा, सुक्या मासळीच्या दुकानात मापाने मिळणारा जवळा, हे सगळे डेकापॉड या गणातले. हिरोन्डेलिया ॲम्फिपॉड या गणातला. दोन्ही गण मॅलॅकोस्ट्राका या एकाच वर्गात येतात, म्हणून वरवर सारखेपणा दिसतो, पण नातं लांबचं आहे. बातमी लिहिणाऱ्याने नुसती खोली पाहिली असती तरी ही चूक टळली असती. खऱ्या कोळंब्या आजवर साधारण ७,७०० मीटरपर्यंतच दिसल्या आहेत. मासेसुद्धा ८,३०० मीटरच्या आसपास थांबतात. चॅलेंजर डीप या मारियाना विवरातल्या सर्वांत खोल जागेचा तळ १०,९०० मीटरच्याही थोडा खाली आहे, आणि तिथे आमिष लावून सापळा सोडला की तो भरून येतो ॲम्फिपॉडनी. १९९८ मध्ये जपानच्या काइको या मानवरहित पाणबुडीने तिथून जे प्राणी वर आणले, त्यांत हाच होता.

‘ॲम्फिपॉड आहे’ एवढं पाठ करून मात्र भागणार नाही. ते का, हे शरीरावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी तुमच्याकडे साधन आधीच आहे.

बी.एस्सी.ला तुम्ही कोळंबीची उपांगं, म्हणजे पाय, जबडे, मिशा असे जोडीजोडीचे अवयव, काढली असतीलच. इथे प्राणिशास्त्र घेतलेल्या कुणाची त्यातून सुटका झालेली मला तरी माहीत नाही. चिमट्याने एकेक उपांग मुळापासून सोडवायचं, कार्डशीटवर ओळीने मांडायचं, खाली पेन्सिलीने नावं लिहायची, आणि दुसरा मॅक्झिला तुटला म्हणून शेजारणीचा मागून आणायचा. ती शीट सापडली तर समोर ठेवा. तिच्यावर एकोणीस जोड्या आहेत: डोक्याच्या पाच, वक्षाच्या आठ, उदराच्या सहा. हिरोन्डेलियातही एकोणीसच आहेत, आणि त्याही पाच, आठ, सहा अशाच. फरक आहे तो कामाच्या वाटणीत. ही वाटणी एकदा नीट पाहिली की ॲम्फिपॉडची निम्मी शरीररचना आपोआप उलगडते.

डोक्याच्या पाच जोड्यांत फारसं वेगळं नाही: शृंगिकांच्या (मिशांच्या) दोन, मॅन्डिबलची (मुख्य जबड्याची) एक, मॅक्झिलांच्या (मागच्या छोट्या जबड्यांच्या) दोन. खरी फारकत वक्षात होते. कोळंबीने आठांतल्या पहिल्या तीन जोड्या तोंडाच्या कामाला लावल्या, ते तीन मॅक्झिलिपीड, आणि उरलेल्या पाच चालायला ठेवल्या. ॲम्फिपॉडने तोंडाला एकच जोडी दिली. उरल्या सात. त्यांतल्या पुढच्या दोन पकडण्यासाठी, त्यांना नॅथोपॉड म्हणतात. मागच्या पाच चालायला आणि धरून राहायला. या पाचांतही एक खूण आहे. नॅथोपॉड धरून मोजलं तर तिसऱ्या आणि चौथ्या पायाची नखं मागे वळलेली असतात, पाचव्या ते सातव्या पायाची पुढे. प्राणी कुशीवर ठेवून पाहिला की नखांचे हे दोन गट समोरासमोर आलेले दिसतात. उदरात कोळंबीला पोहायच्या प्लिओपॉडच्या पाच जोड्या आणि शेवटी युरोपॉडची एकच जोडी, जी टेल्सनबरोबर, म्हणजे शरीराच्या अगदी शेवटच्या तुकड्याबरोबर, शेपटीचा पंखा करते. ॲम्फिपॉडने सहांची तीन-तीन अशी वाटणी केली: प्लिओपॉडच्या तीन जोड्या, त्यामागे काडीसारख्या ताठ युरोपॉडच्या तीन. त्याला पंखा नाही. कोळंबी घाबरली की पंखा आपटून मागे उसळते, तसं त्याला येत नाही. तो उदर पोटाखाली दुमडतो, युरोपॉड टेकवतो आणि पुढे ढकलला जातो.

आता कवच. कोळंबीच्या डोक्यावर आणि वक्षावर एकसंध कॅरापेस असतं आणि कल्ले त्याखाली झाकलेले राहतात. ॲम्फिपॉडला कॅरापेस नाहीच. वक्षाचा पहिला खंड डोक्यात मिसळलेला, बाकीचे सात सुटे, प्रत्येकाची पाठ वेगळी. मग कल्ले उघडे पडतात का? पडत नाहीत, कारण पायाच्या मुळाशी असलेल्या कॉक्सा रुंद होऊन खाली वाढतात. हिरोन्डेलियाच्या गोतावळ्यात पहिल्या चार चांगल्याच खोल उतरतात. दोन्ही बाजूंच्या या कॉक्सल प्लेटांमुळे पोटाखाली एक बंदिस्त वाट तयार होते, कल्ले तिच्यात लोंबतात, आणि मागचे प्लिओपॉड हलत राहिले की त्या वाटेने पाणी ओढलं जातं. पोहणं आणि श्वासाचं पाणी खेळतं ठेवणं एकाच हालचालीत होतं. सेमिनारला एकच आकृती काढायची असेल तर वक्षाचा आडवा छेद काढा. कॉक्सल प्लेट, कल्ला आणि मादीत पिल्लांची पिशवी, तिन्ही एका चित्रात येतात.

ती पिशवी हा पुढचा मुद्दा. मादीच्या दुसऱ्या ते पाचव्या वक्षपायांच्या मुळाशी आतल्या बाजूला ऊस्टेगाइट नावाच्या पातळ, कडेला केस असलेल्या पट्ट्या असतात. त्या एकमेकींवर येऊन छातीखाली पिशवी होते. अंडी तिच्यात, आणि बाहेर पडणारं पिल्लू आईची लहान प्रत. नॉप्लियस, झोइया वगैरे मोकळ्या पाण्यात तरंगणाऱ्या डिंभावस्था नाहीत. ही पिशवी आणि मॅन्डिबलवरचा हलता दात, म्हणजे लॅसिनिया मोबिलिस, यांवरून पेराकॅरिडा हा मोठा समूह ओळखतात. ॲम्फिपॉड, आयसोपॉड, टॅनेइड, क्युमेशियन आणि मायसिड हे त्यातले मुख्य. खोल समुद्राच्या चिखलात या समूहातलेच प्राणी मोठ्या संख्येने मिळतात. डिंभांना वर उजेडात पाठवून परत विवरात उतरवण्याचा प्रश्नच त्यांच्यापुढे येत नाही, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं.

एक गंमत सांगून ठेवतो, कारण यावर तोंडी परीक्षेत प्रश्न येतो. खोल समुद्रातल्या सापळ्यांत अंडी घेतलेली मादी क्वचितच सापडते. पिशवी भरलेली असताना ती आमिषाकडे फिरकत नाही, असं दिसतं. शेकडो नमुन्यांत अंड्यांवरची मादी नसली तर ‘प्रजनन होत नाही’ असा निष्कर्ष काढायचा नाही. सापळ्यात कोण येतं आणि कोण येत नाही, हे आधी पाहायचं.

आयसोपॉडशी गोंधळ होतो तो वेगळ्या कारणाने. पावसाळ्यात गच्चीवरची कुंडी उचलली की खाली करडे, चपटे किडे पळतात, काही गोळी होऊन बसतात, ते आयसोपॉड. बंगालच्या उपसागरात खोलवर मिळणारा फूटभर लांबीचा बॅथिनोमसही आयसोपॉडच. फरक दिसायला सोपा आहे. आयसोपॉड वरून खाली दाबलेला, ॲम्फिपॉड दोन्ही बाजूंनी दाबलेला, त्यामुळे बशीत ठेवला की कुशीवर पडतो. पण आतला फरक जास्त बोलका आहे. आयसोपॉड श्वास घेतो उदराच्या प्लिओपॉडनी, म्हणून त्याचं हृदय मागे, उदराकडे सरकलेलं. ॲम्फिपॉडचे कल्ले वक्षात, म्हणून हृदयही वक्षात. रक्त जिथून प्राणवायू घेऊन येतं त्याच्या जवळ हृदय असतं, हे एकदा कळलं की दोन्ही गणांची आकृती पाठ करावी लागत नाही.

इथवर गण ठरला. आता खाली कुलाकडे येताना माझी सवय सांगतो: ॲम्फिपॉड हातात आला की मी डोळ्यांकडे किंवा रंगाकडे पाहत नाही. अल्कोहोलमध्ये रंग टिकत नाही, डोळ्यातलं रंगद्रव्यही फिकट होतं. मी आधी दुसरा नॅथोपॉड पाहतो, मग पहिली शृंगिका, मग मॅन्डिबल.

दुसरा नॅथोपॉड पाहिला की लायसियानासॉइड मंडळी, म्हणजे लायसियानासिडी आणि त्यांचा गोतावळा, लगेच कळतात. पायाचा तिसरा भाग, म्हणजे इस्कियम, इतर ॲम्फिपॉडांत आखूड असतो. यांच्यात तो लांबलचक. शेवटचा भाग बारीक केसांनी इतका झाकलेला की लहान मुलाचा लोकरी हातमोजा वाटावा, आणि टोकाला अगदी चिमुकलं नख, ते बहुधा केसांतच दडलेलं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला नख तुटलंय असंच वाटतं. ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून, खालून उजेड देऊन, सुईने केस बाजूला केले की ते दिसतं. हिरोन्डेलियाही याच घरातला.

पहिली शृंगिका आखूड आणि बुडाशी जाड असते. बुडातून मुख्य चाबकाबरोबर एक छोटा जोड-चाबूक निघतो. मुख्य चाबकाच्या पहिल्या लांब भागावर गंध टिपणाऱ्या नाजूक नळ्यांसारख्या केसांचा दाट झुपका असतो, त्याला कॅलिनोफोर म्हणतात. कुठे मेलेला मासा पडला तर पाण्यातून येणारा त्याचा वास पकडायचं काम याचं. मॅन्डिबलची कापणारी कड रुंद आणि बहुतेक गुळगुळीत असते, बाजूला तीन भागांचा पाल्प, म्हणजे बोटासारखं छोटं उपांग. कुरतडत बसण्यापेक्षा मोठा लचका कापणं या कडेला सोपं जातं. खोल समुद्रातल्या पॅरालिसेला नावाच्या नातलगात तर पोट एवढं ताणतं की एका जेवणात सगळं शरीर फुगून भरतं.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, छान, ओळखीच्या खुणा मिळाल्या. नेमका इथेच धोका आहे, आणि तुमच्या पुस्तकांतल्या वेगवेगळ्या वर्गीकरणांचं मूळही इथेच आहे. रुंद कड, ताणणारं पोट, जाड गंधशृंगिका, या मेलेलं खाणाऱ्याच्या गरजा आहेत. ज्याला ज्याला समुद्राच्या तळाशी मढं शोधून पटकन पोट भरायचं आहे, त्याचं शरीर हळूहळू याच दिशेला जातं, मग नातं जवळचं असो की लांबचं. एकाच धंद्यातले दोन प्राणी सारखे दिसतात म्हणून त्यांना एका कुलात टाकलं, असं या गटात वर्षानुवर्षं झालं आहे. लायसियानासिडी हे कुल बराच काळ असंच गोदाम होतं. ओळखीला जे उपयोगी, ते नात्याला पुरावा असेलच असं नाही.

आता हिरोन्डेलियाचा प्रवास पाहा. फ्रान्सचे एदुआर शेव्हरू यांनी १८८९ मध्ये ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) उभी केली आणि मोनॅकोचे प्रिन्स ॲल्बर्ट पहिले यांच्या हिरोन्डेल या जहाजावरून तिला नाव दिलं. खोल पाण्यात आमिषाचे सापळे सोडण्यात या राजपुत्राला मोठा रस होता. त्यांच्या दुसऱ्या जहाजाचं नाव मिळालेला ॲलिसेला जायगँटिया हा ३४ सेंटीमीटरपर्यंत वाढणारा, सर्वांत मोठा ॲम्फिपॉड. गिगास ही जाती मात्र खूप नंतरची. कुरिल-कामचाटका विवरातल्या नमुन्यांवरून बिर्श्टाइन आणि विनोग्रादोव्ह या सोव्हिएत संशोधकांनी १९५५ मध्ये तिचं वर्णन केलं. तिच्या नावापुढे या दोघांची नावं आणि साल कंसात लिहितात. कंस शोभेचा नसतो. जातीचं मूळ वर्णन वेगळ्या प्रजातीखाली झालं होतं आणि ती नंतर हिरोन्डेलियात आणली गेली, हे तो सांगतो. सेमिनारमध्ये कंस गाळला तर परीक्षकांतला जाणकार तुम्हाला तिथेच पकडेल. मी तरी पकडेन.

कुलाचं असं झालं. गोदामातून एकेक माल बाहेर काढत २०१० मध्ये लोरी आणि स्टॉडार्ट यांनी हिरोन्डेलिइडी हे वेगळं कुल मांडलं. म्हणजे ज्या लिखाणात लायसियानासिडी दिसतं ते बहुधा त्याआधीचं, किंवा त्याआधीच्या पुस्तकावरून उतरवलेलं. दोन्ही पुस्तकं खोटं बोलत नाहीत, एक जुनं आहे एवढंच.

उपगणाची कथा जरा लांब आहे. जुन्या पद्धतीत ॲम्फिपोडाचे चार उपगण शिकवत: गॅमॅरिडिया, कॅप्रेलिडिया, हायपेरिडिया, इंगोल्फिएलिडिया. आमच्या पिढीने हेच लिहून मार्क मिळवले. यांतले तीन आपापल्या ठळक खुणांवर उभे होते. गॅमॅरिडियाला अशी स्वतःची खूण नव्हती. बाकी तिघांत जे बसत नाही ते सगळं त्यात. वर्गीकरणात असा गट फार काळ टिकत नाही. २०१३ मध्ये लोरी आणि मायर्स यांनी सेन्टिकॉडाटा हा उपगण काढला. खूण अशी की पहिल्या आणि दुसऱ्या युरोपॉडच्या फांद्यांच्या अगदी टोकाला जाड काटे असतात. २०१७ मध्ये त्या दोघांनी संपूर्ण ॲम्फिपोडाची नव्याने मांडणी केली. गॅमॅरिडिया हा उपगण मोडीत निघाला, इंगोल्फिएला मंडळींना स्वतंत्र गणाचा दर्जा मिळाला, आणि लायसियानासॉइड ॲम्फिलोकिडिया या उपगणात, लायसियानासिडा या विभागात गेले. टोकाचे ते काटे यांना नसतात. हिरोन्डेलियाचा सध्याचा पत्ता हा.

ही मांडणी सगळ्यांनी डोळे मिटून स्वीकारली आहे असं नाही. ती मुख्यतः बाह्य रचनेवर बेतलेली आहे, आणि जनुकीय झाडं काढणाऱ्यांचे काही ठिकाणी तिच्याशी मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर कुलाच्या पातळीवर तिचा उपयोग बिनधास्त करावा, उपगणांच्या नात्यांवर मात्र पैज लावू नये. ‘कोणतं खरं’ या प्रश्नाला सेमिनारमध्ये एवढंच उत्तर द्या, की मी २०१७ ची मांडणी वापरली आहे. साल सांगितलं की वाद तिथेच निम्मा होतो.

जातीच्या पातळीवर तर डोळ्यांवर आणखी कमी विसंबता येतं. युरीथेनिस ग्रिलस ही ॲम्फिपॉडची एकच जाती जगभरच्या खोल समुद्रांत आहे, असं कितीतरी वर्षं धरलं जात होतं. डीएनए तपासल्यावर त्या एका नावाखाली अनेक वंश निघाले, आणि मग शोधायला बसल्यावर बाहेरूनही बारीक फरक सापडू लागले. त्याच प्रजातीतली युरीथेनिस प्लॅस्टिकस मारियाना विवरात ६,००० ते ७,००० मीटरच्या पट्ट्यात सापडली आणि २०२० मध्ये वर्णिली गेली. एका नमुन्याच्या आतड्यात पीईटी प्लॅस्टिकशी जुळणारा तंतू मिळाला, नाव त्यावरूनच. हिरोन्डेलियातही दक्षिण प्रशांतातल्या विवरांतली डुबिया आणि आपली गिगास या एकाच प्रजातीतल्या दोन जाती. दोघींना वेगळं करायचं तर उपांगं सोडवून, काचपट्टीवर घेऊन बसायला पर्याय नाही.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. अकरा हजार मीटरवरचा प्राणी म्हटल्यावर आपण शरीरात काहीतरी अचाट शोधतो. हिरोन्डेलियाच्या उपांगांत तसं काही सापडत नाही. उथळ समुद्रातला एखादा मढेखाऊ लायसियानासॉइड शेजारी ठेवला तर आराखडा तोच. हजार वातावरणांहून जास्त दाब सोसण्याची तयारी पायांच्या आकारात नसते. ती पेशींच्या रसायनात असते, आणि सूक्ष्मदर्शक ती दाखवत नाही.

शरीराच्या अशा रसायनाची दोन उदाहरणं जपानी संशोधकांनी दाखवली आहेत. २०१२ मध्ये त्यांनी चॅलेंजर डीपमधल्या गिगासचे पाचक विकर (एन्झाइम) तपासले. मांस खाणाऱ्याकडे असतील तेवढेच नव्हे, तर अमायलेज, मॅननेज, झायलनेज आणि सेल्युलेजही निघाले, आणि त्यातलं सेल्युलेज वनस्पतींच्या सेल्युलोजपासून थेट ग्लुकोज करणारं. वरून वाहत-बुडत आलेला पालापाचोळा आणि लाकूडही त्याला चालतं, असा अर्थ निघतो. मढं रोज पडत नाही, मधल्या दिवसांची सोय हवीच. मॅन्डिबल पाहून आपण त्याला निव्वळ मांसाहारी ठरवलं असतं, विकर वेगळं सांगतात.

दुसरी गोष्ट कवचाची. कवचधाऱ्यांच्या कवचात कॅल्शियम कार्बोनेट असतं, आणि प्रशांत महासागरात साधारण चार-साडेचार हजार मीटरखाली ते पाण्यात विरघळायला लागतं. त्याच्या दुपटीहून खोल हा प्राणी कवच टिकवतो कसा? २०१९ च्या अभ्यासात उत्तर आलं: त्याच्या अंगावर ॲल्युमिनियमच्या जेलचा थर असतो. तळाच्या चिखलातलं ॲल्युमिनियम तो पोटात तयार होणाऱ्या ग्लुकॉनिक आम्लाने सोडवून घेतो. समुद्राच्या अल्कधर्मी पाण्यात आलं की त्याचं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचं जेल बनतं आणि आतलं कॅल्साइट, म्हणजे कवचातलं कॅल्शियम कार्बोनेट, झाकलं जातं. अन्न पचवण्यातून मिळणारी साखर, तिच्यातून आम्ल, आम्लातून कवचाचं संरक्षण: दोन्ही शोध एकत्र ठेवून सांगा, सेमिनारचा सगळ्यात चांगला भाग हाच होईल.

प्रदूषणाचा मुद्दा बहुतेक विद्यार्थी घुसडतात, तुम्हीही घ्याल. एकच आकडा पुरे. २०१७ च्या अभ्यासात मारियाना विवरातल्या ॲम्फिपॉडांत, त्यात गिगासही होता, पीसीबी या बंदी घातलेल्या रसायनांची जी सर्वाधिक पातळी मिळाली, ती चीनमधल्या अतिप्रदूषित लियाओ नदीच्या पाण्यावरच्या भातखाचरांतील खेकड्यांपेक्षा पन्नास पट होती.

तुलनेसाठी शिकारीही एक घ्या. २०२४ मध्ये अटाकामा विवरात ७,९०२ मीटरवरून डल्सिबेला कामांचाका हा जवळजवळ चार सेंटीमीटरचा पांढरा ॲम्फिपॉड वर्णिला गेला. कुल युसिरिडी. त्याच्या पुढच्या पायांना भक्ष्य पकडण्याची खरी पकड आहे. त्याचं चित्र आणि हिरोन्डेलियाचा लोकरी नॅथोपॉड शेजारी शेजारी ठेवले की मढेखाऊ आणि शिकारी यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही.

नमुन्याविना कसं, हा शेवटचा प्रश्न. गिगासचा नमुना पुण्यात मिळणार नाही, त्याच्यामागे वेळ घालवू नका. आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन, आधी वेळ ठरवून जा. तिथे पाहण्यासारखं आहे ते संग्रह कसा ठेवतात हे: बाटली, लेबल, नोंदवही, आणि आदर्श नमुना, म्हणजे ज्यावरून जातीचं पहिलं वर्णन झालं तो. समुद्र लांब आहे म्हणून खंतावू नका. सह्याद्रीच्या सड्यांवरच्या पावसाळी डबक्यांतून स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस या परी-कोळंबीचं नवीन वर्णन २०१४ मध्ये झालं, तेही इथल्याच कामातून. कवचधारी हवेत तर ते जवळच आहेत.

हात बसवायला मात्र ॲम्फिपॉडच घ्या. पुढच्या वेळी कोकणात गेलात की भरतीच्या रेषेवर वाळत पडलेलं शेवाळ उचला. खालून टणाटण उडणारे करडे किडे टॅलिट्रिड ॲम्फिपॉड असतात. चार-पाच पुरेत, आणि जागा संरक्षित असेल तर तेही आणू नका. थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका, फॉर्मॅलिनमध्ये नको, पुढे डीएनए काढायचा झाला तर पंचाईत होते. लेबल शाई-पेनाने बाटलीवर नव्हे, पेन्सिलीने जाड कागदावर लिहून बाटलीच्या आत.

मग ग्लिसरीनच्या थेंबात, बारीक सुयांनी, नेहमी डावी बाजू सोडवा, म्हणजे उजवी अख्खी राहते. टॅलिट्रिड सेन्टिकॉडाटातले, म्हणजे तुमच्या प्राण्यापेक्षा वेगळ्या उपगणातले, आणि शिकायला तेच बरं. पहिल्या दोन युरोपॉडच्या टोकाला ते काटे तुम्हाला स्वतःला दिसतील. पहिली शृंगिका अगदीच आखूड, जोड-चाबूक नाही. मॅन्डिबलला पाल्प नाही, तिसऱ्या युरोपॉडला एकच फांदी. या प्रत्येक ‘नाही’समोर हिरोन्डेलियाच्या प्रकाशित आकृतीतला ‘आहे’ मांडत जा: जोड-चाबूक आहे, पाल्प आहे, तिसऱ्या युरोपॉडला दोन फांद्या आहेत. फक्त काट्यांच्या बाबतीत उलटं. टेल्सन दोन्हींत पाहा, मागून किती दुभंगलंय ते मोजा, कुलं वेगळी करताना ते नेहमी विचारतात.

स्लाइडवर वर्गीकरण या क्रमाने द्या: संघ आर्थ्रोपोडा, क्रस्टेशिया, वर्ग मॅलॅकोस्ट्राका, पेराकॅरिडा, गण ॲम्फिपोडा, उपगण ॲम्फिलोकिडिया, कुल हिरोन्डेलिइडी, मग प्रजाती आणि जाती तिरक्या अक्षरांत, आणि कंसातली ती दोन नावं व साल सरळ अक्षरांत. खाली बारीक अक्षरांत ‘लोरी व मायर्स २०१७ नुसार’. तुम्ही काढलेल्या टॅलिट्रिडच्या आकृतीखाली टॅलिट्रिडच लिहा, हिरोन्डेलिया नको. आणि ‘दहा पट मोठं’ असं न लिहिता मोजपट्टीची रेघ ओढा. प्रोजेक्टरवर चित्र कितीही ताणलं तरी रेघ त्याबरोबर ताणली जाते, दहाचा आकडा ताणला जात नाही.